भाकीत यशयाचे, पाणी शेतकऱ्याचे

महाराष्ट्रात दुष्काळ, पाणलोट किंवा ठिबक सिंचन या विषयावर भाषण झाले आणि त्यात इस्रायलचा दाखला आला नाही, असे सहसा घडत नाही. एवढ्याशा देशाने वाळवंटाचे नंदनवन केले, असे वक्ते सांगतात आणि श्रोते माना डोलावतात. या वाक्यामागची कल्पना मात्र कोणा कृषितज्ज्ञाची नव्हे. ती हिब्रू संदेष्ट्यांची आहे आणि तिचे वय अडीच हजार वर्षांच्या आसपास आहे. उजाड रान एक दिवस फुलांनी डवरून येईल, असे यशयाच्या ग्रंथात सांगितले आहे. ओस पडलेली भूमी पाहून वाटसरू तिला एदेन बागेची उपमा देतील, असे यहेज्केल म्हणतो. आमोसाने उद्ध्वस्त नगरांची पुनर्बांधणी आणि नव्या द्राक्षमळ्यांचे चित्र रंगविले. एदेनच्या बागेचे मराठीत येताना इंद्राचे नंदनवन झाले, एवढाच काय तो फरक.

ही भाकिते ज्या काळात रचली गेली, तो काळ ज्यू लोकांच्या दृष्टीने मोठ्या विपत्तीचा होता. इसवी सनपूर्व आठव्या शतकात उत्तरेचे राज्य अश्शूरच्या आक्रमणात नष्ट झाले, तर इसवी सनपूर्व ५८६ मध्ये बॅबिलोनच्या सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जाळून तेथील लोकांना बंदिवासात नेले. त्यामुळे संदेष्ट्यांच्या बोलण्यात शेताचा आणि पाण्याचा उल्लेख येतो, तो केवळ अलंकार म्हणून येत नाही. जुन्या करारात भूमी ही करारातील जणू तिसरी बाजू आहे. लोकांनी आज्ञा मोडल्या तर पाऊस थांबेल आणि जमीन ओसाड पडेल; लोक परमेश्वराकडे वळले तर तीच जमीन पुन्हा पिकेल, असा तो संबंध आहे. यशयाच्या त्या प्रसिद्ध वचनातील फुलाला इंग्रजी भाषांतरकारांनी गुलाब म्हटले. मूळ हिब्रू शब्द गुलाबासाठी नाही. पहिल्या पावसानंतर रानात आपोआप उगवणाऱ्या एखाद्या कंदवर्गीय फुलासाठी तो असावा, असे बहुतेक अभ्यासकांना वाटते. म्हणजे संदेष्ट्याच्या डोळ्यांसमोर बागायत नव्हतीच. एका सरीने हिरवे होणारे माळरान होते.

पुढे सुमारे दोन हजार वर्षे ही वचने प्रार्थनेत राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती एकदम नकाशावर उतरू लागली. इस्रायलमधील गावांची नावे वाचली तरी याची कल्पना येते. १८७० मध्ये याफाजवळ निघालेल्या 'मिक्वे इस्रायल' या शेतकी शाळेचे नाव यिर्मयाच्या ग्रंथातून आलेले. १८८२ मध्ये वसलेल्या रिशोन लेझियोनचे नाव यशयातून घेतलेले. तेल अवीव हे नाव यहेज्केलच्या ग्रंथात आहे, पण तेथे ते बॅबिलोनमधील एका वस्तीचे नाव आहे. पेताह तिक्वाची, म्हणजे 'आशेच्या दारा'ची, कथा तर सांगण्यासारखीच आहे. जेरुसलेममधील काही धर्मनिष्ठ ज्यूंना यरिहोजवळच्या अखोर खोऱ्यात जमीन घ्यायची होती, कारण ते खोरे आशेचे दार होईल असे होशेयाने म्हटले होते. तुर्की सरकारने तो व्यवहार होऊ दिला नाही. तेव्हा त्यांनी १८७८ मध्ये यार्कोन नदीकाठी, अगदी वेगळ्याच ठिकाणी, जमीन घेतली आणि नाव मात्र तेच ठेवले! तेथे पहिल्यांदा उगवला तो हिवताप. वस्ती सोडावी लागली आणि काही वर्षांनी पुन्हा बसवावी लागली.

ही भूमी त्या वेळी खरोखरच उजाड होती काय? या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्यानुसार बदलत आले आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन १८६७ मध्ये तेथे गेला आणि दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने अत्यंत भकास चित्र उभे केले. ते वर्णन आजही भाकिताच्या बाजूचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. ट्वेन विनोदी लेखक होता, उन्हाळा संपता संपता तेथे पोहोचला होता आणि पावसाविना चार-पाच महिने गेलेल्या मुलखात सप्टेंबरमध्ये हिरवळ शोधणे म्हणजे वैशाखात माणदेश पाहून तेथे शेतीच होत नाही असे म्हणण्यासारखे आहे, हे सहसा सांगितले जात नाही. याच काळात याफाभोवतीच्या अरब बागाईतदारांच्या शामुती संत्र्यांना युरोपात मागणी होती. गाझाच्या बाजूचा सातू ब्रिटनमधील मद्य गाळणाऱ्यांकडे जात असे. डोंगरांवर ऑलिव्हच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांना शतकांची परंपरा होती. दुसऱ्या बाजूने, सखल खोऱ्यांतील दलदली, डोंगरउतारांवरची धुऊन गेलेली माती आणि दक्षिणेकडील नेगेवचे रूक्ष पठार, हेही तितकेच खरे होते. संपूर्ण देश ओसाड होता, हे म्हणणे जसे चूक, तसे तेथे बिघडलेले काहीच नव्हते, हे म्हणणेही चूक.

जमीन का बिघडली, याचे उत्तर शोधणाऱ्यांत वॉल्टर क्ले लाउडरमिल्क हे नाव महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्यातील हे अधिकारी श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि त्यापूर्वी त्यांनी चीनमध्ये पूर आणि धूप यांचा अभ्यास केला होता. १९३८-३९ मध्ये सरकारने त्यांना जुन्या संस्कृतींच्या जमिनी पाहण्यासाठी पाठविले. पॅलेस्टाईनमध्ये त्यांना दिसले ते असे : हवामान फारसे बदललेले नाही, बांध फुटले, पायऱ्या ढासळल्या, झाडे गेली, शेळ्यांनी कोवळे अंकुर खाल्ले आणि माती पावसाबरोबर दऱ्यांत गेली. जो प्रकार शापाचा म्हणून सांगितला जात होता, त्याचे त्यांनी बांधबंदिस्तीच्या भाषेत निदान केले. १९३९ च्या जूनमध्ये जेरुसलेम नभोवाणीवर बोलताना त्यांनी मोशेच्या दहा आज्ञांना अकरावी जोडली. भूमी ही परमेश्वराची ठेव आहे, तिची माती, झरे आणि राने सांभाळा, नाही तर तुमचे वंशज दारिद्र्यात जगतील, असा तिचा आशय होता. श्रद्धा आणि मृदशास्त्र यांचे इतके सरळ मिश्रण क्वचित सापडते. ज्यू वसाहतींचे काम पाहून ते भारावले होते आणि १९४४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी जॉर्डन खोऱ्यासाठी मोठी पाणीयोजना सुचविली. पुढे हैफाच्या टेक्निऑनमध्ये कृषी अभियांत्रिकीचे शिक्षण उभे करण्यातही त्यांचा वाटा होता.

ज्यांनी प्रत्यक्ष कुदळ हाती घेतली, ते बहुतेक श्रद्धावान नव्हते, ही या इतिहासातील मोठी गंमत आहे. रशिया आणि पोलंडमधून आलेले तरुण समाजवादी होते; प्रार्थनेपेक्षा श्रमावर त्यांचा विश्वास होता. उलट जेरुसलेममधील कट्टर धर्मनिष्ठांपैकी अनेकांना हा उद्योगच पसंत नव्हता. उद्धार मसीहा करील, माणसाने घाई करणे हा अधर्म, असे त्यांचे म्हणणे. तरीही त्या देव न मानणाऱ्या तरुणांच्या झोपडीत बायबल असे. त्यांच्या लेखी ते इतिहासाचे, भूगोलाचे आणि मालकीहक्काचे पुस्तक होते. डेव्हिड बेन गुरियन यांनी ब्रिटिशांच्या पील आयोगापुढे, आपली सनद ब्रिटिशांनी दिलेली नसून बायबल हीच आपली सनद आहे, अशा अर्थाची साक्ष दिली होती. सण तेच राहिले, आशय मात्र शेतीचा झाला. वृक्षांचे नववर्ष मानला जाणारा तू बिश्वात हा दिवस झाडे लावण्याचा दिवस बनला आणि मंदिरात प्रथमफळे वाहण्याच्या सणाला किबुत्झमध्ये धान्याच्या पेंढ्या आणि ट्रॅक्टर यांची मिरवणूक निघू लागली.

इज्रेलचे खोरे हे या पर्वाचे केंद्र. 'देव पेरील' असा या हिब्रू नावाचा अर्थ. १९२१ मध्ये येथे नहलाल ही पहिली मोशाव, म्हणजे स्वतंत्र शेते पण सामायिक खरेदी-विक्री असलेली सहकारी वसाहत, उभी राहिली. वर्तुळाकार आखणीमुळे विमानातून ती गाडीच्या चाकासारखी दिसते. जागा दलदलीची होती आणि डासांनी अनेकांचे बळी घेतले. निलगिरी लावली की पाणी शोषले जाऊन दलदल सुकते, अशी समजूत होती. प्रत्यक्षात हिवताप हटला तो चर खणून पाण्याला वाट काढून दिल्याने, डासांच्या अळ्या शोधून मारल्याने आणि लोकांना घरोघर समजावून सांगितल्याने. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इस्रायल क्लिग्लर यांनी १९२० च्या दशकात ही मोहीम आखली आणि तिचा लाभ अरब व ज्यू दोन्ही वस्त्यांना झाला. भाकिताच्या पूर्तीची वर्णने करणाऱ्या पुस्तकांत क्लिग्लर यांचे नाव फारसे दिसत नाही.

दुसरेही एक नाव अशा पुस्तकांत नसते. खोऱ्यातील बरीच जमीन बैरुतच्या सुरसोक या जमीनदार घराण्याची होती. हे कुटुंब तेथे राहत नव्हते. जमीन कसत होती ती अरब कुळे. ज्यू संस्थांनी कायदेशीर खरेदीखत केले, पैसे मोजले आणि कुळांना काही भरपाई देऊन उठविण्यात आले. ज्या महाराष्ट्राने कूळकायदा पाहिला आहे, त्याला या व्यवहारातील सल समजावून सांगावी लागू नये. कागदावर सर्व रीतसर होते आणि पिढ्यान् पिढ्या नांगर धरणारा माणूस मात्र रस्त्यावर आला होता. १९३० मध्ये ब्रिटिश अधिकारी होप सिम्पसन यांनी भूमिहीन झालेल्या अरब शेतकऱ्यांच्या प्रश्नावर अहवाल दिला, तोपर्यंत वैराची बीजे रुजली होती. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. पुढे लावलेल्या काही वनराईंखाली त्यांच्या गावांचे चौथरे, निवडुंगाचे कुंपण आणि बदामाची झाडे आजही दिसतात.

खरे वाळवंट दक्षिणेला, नेगेवमध्ये. इस्रायलच्या निम्म्याहून अधिक भूभाग या प्रदेशाने व्यापला आहे. त्याच्या उत्तर सीमेवर वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर एलातजवळ तो पंचवीस-तीस मिलिमीटरवर येतो. आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात चारशे-पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल. १९४३ मध्ये येथे शेतीची शक्यता पाहण्यासाठी तीन चौकीवजा वस्त्या बसविण्यात आल्या. त्यांतील रेविविम या नावाचा अर्थ 'सरी'. १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये योम किप्पूरच्या उपवासानंतर एका रात्रीत अकरा वस्त्या उभ्या करण्यात आल्या. बेन गुरियन १९५३ मध्ये पंतप्रधानपद सोडून नेगेवमधील स्दे बोकेर या किबुत्झमध्ये राहावयास गेले.

पण नेगेव पूर्वी फुलले होते, आणि ते कोणी फुलविले होते, हे वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल एवेनारी यांनी दाखवून दिले. अवदात येथे वर्षाला जेमतेम ९०-१०० मिलिमीटर पाऊस पडतो. १९५९ पासून एवेनारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील प्राचीन शेताची पुनर्रचना केली. रहस्य मातीत होते. वाऱ्याने वाहून आणलेली ही बारीक पोयट्याची माती पहिल्या सरीबरोबर वर पापुद्रा धरते आणि पाणी आत मुरू देत नाही. प्राचीन शेतकऱ्यांनी हा दोषच गुण मानला. उतारांवर दगडांचे लहान पाट काढून ते वाहते पाणी त्यांनी तळाच्या शेतात आणले. वीस ते तीस एकर उतारावरचे पाणी एका एकराला मिळे. मग शंभर मिलिमीटरच्या मुलखातही बदाम, अंजीर, द्राक्षे यांना पुरेसे पाणी होई. पंप नाही, विहीर नाही. हे कसब नबातियन लोकांनी रुजविले आणि बायझंटाइन काळातील ख्रिस्ती शेतकऱ्यांनी कळसाला नेले. त्या काळची गाझाची मद्ये भूमध्य समुद्रापलीकडे जात होती. मग हे सारे लयाला का गेले? अरब आले आणि बागा ओस पडल्या, असे सोपे उत्तर दीर्घकाळ दिले जात होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नेगेवमधील जुन्या उकिरड्यांतील द्राक्षबिया मोजण्यात आल्या. द्राक्षशेतीची घसरण सहाव्या शतकाच्या मध्यापासूनच, म्हणजे अरब स्वारीच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, सुरू झाल्याचे त्यांतून दिसले. साथीचे रोग, हवामानातील धक्के आणि दूरच्या बाजारपेठेची पडझड, अशी कारणे आता पुढे येतात. उकिरड्यातील बिया कोणत्याच धर्माची बाजू घेत नाहीत.

आधुनिक नेगेवने एवेनारींचा मार्ग फारसा धरला नाही. तेथे पाणी आले ते नळातून. गालील समुद्राचे पाणी सुमारे १३० किलोमीटर दक्षिणेकडे नेणारी राष्ट्रीय जलवाहिनी १९६४ मध्ये पूर्ण झाली. दुसऱ्याच वर्षी, १९४६ च्या त्या अकरा वस्त्यांपैकी हत्झेरिम या किबुत्झने जलअभियंते सिम्का ब्लास यांच्याशी करार करून नेटाफिम ही ठिबक सिंचनाची कंपनी काढली. या किबुत्झची माती इतकी क्षारयुक्त होती की, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस वस्ती उठवावी काय, हा प्रश्न सभेत आला होता. सदस्यांनी राहायचे ठरविले आणि पाण्याने माती धुऊन काढली. पुढे सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते शेतीला देण्यात इस्रायलने जगात आघाडी घेतली. तेथील सुमारे नव्वद टक्के सांडपाणी आज पुन्हा वापरले जाते आणि पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळविला जातो. येथून एक धागा थेट खानदेशात येतो. जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान या ठिबक कंपनीत निम्मी भागीदारी घेतली आणि २०१२ मध्ये ती पूर्ण आपल्याकडे घेतली. २०२३ मध्ये जैन समूहाचा परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्युलिस या कंपनीत विलीन झाला. भारत-इस्रायल सहकार्यातून दापोलीला हापूस, राहुरीला डाळिंब आणि नागपूरला संत्र्यासाठी उत्कृष्टता केंद्रे उभी राहिली, तीही याच वाटेने.

उत्साह अंगाशी आला, अशीही उदाहरणे आहेत. उत्तरेकडील हुला सरोवर आणि त्याची दलदल १९५१ ते १९५८ या काळात आटविण्यात आली. राष्ट्रउभारणीचे महान कार्य म्हणून त्याचा गौरव झाला. उघडी पडलेली पीटची, म्हणजे कुजक्या वनस्पतींची, जमीन वाळून खचू लागली, आतल्या आत धुमसू लागली, तिची धूळ उडू लागली आणि तिच्यातील नत्र वाहून गालील समुद्राचे पाणी बिघडवू लागले. शेवटी १९९४ मध्ये त्यातील काही भागात पुन्हा पाणी सोडावे लागले. आज तेथे हिवाळ्यात हजारो क्रौंच उतरतात. त्यांनी शेतकऱ्यांच्या भुईमुगावर ताव मारू नये म्हणून त्यांना मुद्दाम मक्याचे दाणे घातले जातात. मृत समुद्राची कथा याहून कठीण आहे. मंदिरातून निघालेला प्रवाह या खारट पाण्याला गोडे करील आणि एन-गेदीच्या काठी कोळी जाळी पसरतील, असे यहेज्केलचे दृश्य आहे. वास्तवात जॉर्डनचे पाणी इस्रायल, जॉर्डन आणि सीरियाने वरच्या वर उचलल्याने आणि खनिज कारखान्यांमुळे या समुद्राची पातळी वर्षाला एक मीटरहून अधिक खाली जात आहे. काठची जमीन खचून मोठमोठे खड्डे पडतात; एन-गेदीच्या खजुरीच्या बागांचा काही भाग त्यामुळेच सोडून द्यावा लागला. त्याच काठावरच्या झऱ्यांच्या डबक्यांत मासे पोहताना पाहून भाकीत खरे झाले म्हणणारे यात्रेकरूही आहेत. एका बाजूला वाळवंट फुलविणारे पाणी दुसऱ्या बाजूच्या समुद्राला कमी पडले, हा हिशेब त्यांच्या छायाचित्रांत येत नाही.

खजुराचा विषय निघालाच आहे. अराबाच्या खोऱ्यात आज डौलाने उभ्या असलेल्या मेदजूल खजुरी बायबलच्या काळापासूनच्या नव्हेत. हे वाण मूळचे मोरोक्कोचे आणि आले कॅलिफोर्नियामार्गे. प्राचीन यहूदियाचा नामांकित खजूर मध्ययुगापूर्वीच किंवा त्या सुमारास नामशेष झाला होता. मसादा किल्ल्याच्या १९६० च्या दशकातील उत्खननात त्याच्या बिया सापडल्या होत्या. २००५ च्या तू बिश्वातला डॉ. सारा सॅलन यांच्या पुढाकाराने एलेन सोलोवे यांनी केतुरा किबुत्झमध्ये त्यांतील एक बी पेरली आणि सुमारे दोन हजार वर्षांची ती बी रुजली! झाडाला दीर्घायुषी मथुशलहाचे नाव देण्यात आले. ते नर निघाले. पुढे आणखी प्राचीन बियांतून उगवलेल्या हन्ना या मादी झाडाला त्याच्या परागाने २०२० मध्ये फळे धरली.

धर्म आणि शेती यांचा सर्वांत तीव्र संघर्ष मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. ज्या ग्रंथात जमीन फुलेल असे वचन आहे, त्याच ग्रंथात दर सातव्या वर्षी ती पडीक ठेवण्याची आज्ञा आहे. पेरणी नाही, छाटणी नाही, आपोआप उगवेल ते सर्वांचे. या वर्षाला 'श्मिता' म्हणतात. ज्यू लोक विखुरलेले होते तोवर हा कायदा ग्रंथातच होता, कारण तो फक्त त्या भूमीला लागू होतो. शेती सुरू झाली आणि १८८८-८९ चे श्मिता वर्ष उंबरठ्यावर आले, तेव्हा नवख्या वसाहतींपुढे उपासमारीचा प्रश्न उभा राहिला. कोव्हनोचे विख्यात रब्बी आयझॅक एल्खानन स्पेक्टर आणि इतर काहींनी एक पळवाट मान्य केली. जमीन त्या काळापुरती बिगर-ज्यू माणसाला विकायची, म्हणजे ती ज्यूची राहत नाही आणि नियम लागत नाही. जेरुसलेमच्या कट्टर रब्बींनी हे झुगारले. १९०९-१० च्या श्मितेत रब्बी अब्राहम कूक यांनी या विक्रीला पाठिंबा देऊन तिचे शास्त्रीय समर्थन ग्रंथरूपाने केले. कूक यांना नियम सैल करायचा नव्हता. नियम पाळणारे शेतकरीच उरले नाहीत, तर भूमीचे काय, ही त्यांची चिंता होती. वाद तेव्हापासून चालूच आहे. हाफेत्झ हैम या धार्मिक किबुत्झने मातीविना, पाण्यात पिके घेण्याचे तंत्र विकसित केले, कारण नियम मातीला आहे, पाण्याला नाही. अराबाचा दक्षिण भाग प्राचीन सीमेबाहेर असल्याचे अनेक धर्मशास्त्री मानतात. त्यामुळे श्मिता वर्षात तेथील भाजीला भाव येतो. अतिधार्मिक कुटुंबे त्या वर्षी अरब शेतकऱ्यांचा माल घेतात, ही त्यातली आणखी एक विसंगती. २००७ मध्ये काही शहरांच्या रब्बींनी विक्रीची पळवाट नाकारली, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला.

जॉर्डनच्या पश्चिम तीरावर भाकिताची भाषा सर्वाधिक धारदार होते. शोमरोनच्या डोंगरांवर पुन्हा द्राक्षमळे लावले जातील, असे यिर्मयाच्या ग्रंथात आहे. त्या वचनाच्या पूर्तीत आपलाही हात लागावा म्हणून अमेरिकेतील इव्हँजेलिकल ख्रिस्ती कुटुंबे दरवर्षी तेथील ज्यू वसाहतींमध्ये द्राक्षतोडणीला विनामोबदला येतात. त्यांच्या दृष्टीने ती तीर्थयात्रा आहे. जगातील बहुतेक देशांच्या आणि २०२४ मध्ये मत देणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या दृष्टीने त्या वसाहती बेकायदा आहेत. इस्रायल हे अमान्य करतो. शेजारच्याच उतारावर पॅलेस्टिनी कुटुंब ऑलिव्ह झोडत असते. त्याच्याही लेखी ते झाड पवित्र आहे. कुराणात त्याची शपथ आहे. ऑलिव्हच्या हंगामात झाडे तोडल्याच्या आणि शेतकऱ्यांवर हल्ले झाल्याच्या घटना संयुक्त राष्ट्रांच्या नोंदींत दरवर्षी येतात. नेगेवमध्ये २०२२ च्या जानेवारीत झाडे लावण्यावरूनच बेदुइन वस्त्यांत निदर्शने पेटली. झाड लावणे हे तेथे जमिनीवर हक्क सांगणे असते, हे दोन्ही बाजूंना नीट ठाऊक आहे.

कोकणातील बेने इस्रायलांचा या कथेतील वाटाही नोंदवावयास हवा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली' म्हणून अलिबाग-पेणच्या पट्ट्यात ओळखला जाणारा हा समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. पिढ्यान् पिढ्या प्रार्थनेत ऐकलेल्या भूमीत त्यांच्या वाट्याला बहुधा नेगेवची नवी, धुळीने भरलेली गावे आली : दिमोना, बीरशेबा, येरुहाम. त्यांतील बहुतेकांनी शेती न करता कारखान्यांत आणि बांधकामावर काम केले. केरळच्या कोचीन ज्यूंनी मात्र नेवातिमसारख्या मोशावमध्ये जमीन कसली आणि त्यांच्यापैकी एलियाहू बेझालेल यांनी हरितगृहात गुलाब पिकवून ते युरोपात पाठविले. यशयाच्या इंग्रजी भाषांतरकारांची चूक अशा रीतीने एका मलबारी माणसाने खरी करून दाखविली.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात १९४६ च्या अकरा वस्त्यांपैकी बेएरी आणि निरिम होरपळून निघाल्या. मृतांत आणि ओलिसांत थायलंडचे शेतमजूरही होते. इस्रायलच्या शेतांत प्रत्यक्ष राबणारे हात कोणाचे असतात, हे अनेकांना त्या दिवशी प्रथम कळले. कुंपणापलीकडे त्यानंतरच्या युद्धात गाझाची बहुतांश शेतजमीन, विहिरी आणि हरितगृहे उद्ध्वस्त झाल्याचे उपग्रहांच्या छायाचित्रांवरून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने नोंदविले. एके काळी सातू, द्राक्षमद्य आणि स्ट्रॉबेरी बाहेर पाठविणारी ती माती आहे. तिच्यातील दारूगोळा, बांधकामाचा राडारोडा आणि क्षार काढल्यावाचून तेथे नांगर धरता येणार नाही.

पुढचे श्मिता वर्ष २०२८ च्या सप्टेंबरमध्ये सुरू होईल. त्याआधी रब्बी मंडळाच्या कचेरीत इस्रायलच्या शेतजमिनीचे विक्रीपत्र पुन्हा तयार होईल, एखादा बिगर-ज्यू नागरिक त्यावर खरेदीदार म्हणून सही करील आणि अराबातले शेतकरी त्या वर्षासाठी ढोबळी मिरचीचा किती लागवड वाढवावी, याचा हिशेब मांडू लागतील.